तीन दिवसांची वाट, पाच तासांत

तुमच्या घरच्या अल्बममध्ये बहुतेक असा एक फोटो असेलच. आई-बाबा नाहीतर मामा-मामी, मनाली किंवा गुलमर्गची सहल, भाड्याने घेतलेले ढगळ कोट, पायात गमबूट, आणि सगळे एका 'स्नो स्कूटर'वर दाटीवाटीने बसलेले. पुढे हँडल धरून तिथला एखादा मुलगा. दहा मिनिटांची चक्कर, भरपूर किंचाळणं, मग गरम मॅगी. आमच्याकडेही आहे तो फोटो. त्यामुळे स्नोमोबील म्हणजे थंडीतलं जत्रेतलं पाळणं, एवढीच समज घेऊन मी पीएच.डी.साठी मिनेसोटाला आले.

तिसऱ्या हिवाळ्यात ती समज अक्षरशः पाण्यात गेली. शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहायचे. तिकडे सगळे एकमेकांना सरळ नावाने हाक मारतात, पण माझ्या मनात ते काकाच होते. ते मला उत्तरेकडच्या एका तळ्यावर घेऊन गेले. रात्रभर हिम पडलं होतं, मांडीपर्यंत, पिठासारखं भुसभुशीत. (मराठीत आपण फ्रीजमधल्या खड्यालाही बर्फ म्हणतो आणि आभाळातून पडतं त्यालाही. या लेखापुरतं पडलेल्याला हिम आणि गोठलेल्या पाण्याला बर्फ म्हणते, नाहीतर आपलाच गोंधळ होईल.) निघताना काकांनी एकच गोष्ट तीनदा बजावली: तळ्यावर थांबायचं नाही. फोटो काढायचा असेल तर किनाऱ्यावर जाऊन काढ.

मी अर्थातच तळ्याच्या मधोमध थांबले. फोटोसाठी.

गाडी आधी जराशी बसली. मग मागून खचत गेली. उतरले तर पाय घोट्यापर्यंत पाण्यात. हवा उणे बावीस, आणि पायाखाली पाणी! बर्फाच्या गोळ्याच्या ग्लासात तळाशी उरतो ना, तसा लगदा. मला वाटलं तळं फुटलं. तसं काही झालेलं नव्हतं. खाली दीड-दोन फूट जाड बर्फ शाबूत होता. झालं होतं ते असं: तळ्यावरचा बर्फ हा तरंगता तराफा असतो. त्यावर एका रात्रीत एवढं हिम पडलं की वजनाने तराफा खाली दबतो, भेगांमधून तळ्याचं पाणी वर चढतं आणि हिमाच्या तळाशी मुरतं. वर हिमाची दुलई असल्यामुळे ते पाणी गोठत नाही, दिवसेंदिवस तसंच राहतं. वरून बघाल तर सगळं पांढरं, निरागस. वेगात असताना गाडी त्यावरून तरंगत जाते. थांबलात की संपलं.

त्या गाडीचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. पण त्या दिवशी डोक्यात एक प्रश्न बसला: ज्या यंत्राला थांबणं परवडत नाही, असं यंत्र कुणाला आणि कशासाठी हवं होतं? पॉडकास्टच्या भागात हा सगळा इतिहास वेळेअभावी पळवावा लागला, म्हणून इथे जरा निवांत लिहितेय.

आधी साधं गणित. भुसभुशीत हिमात माणूस का रुततो? ढोबळ हिशेब करा. सत्तर किलोचा माणूस उभा राहिला की त्याचं सगळं वजन दोन बुटांच्या, म्हणजे साधारण पाचशे चौरस सेंटिमीटर जागेवर येतं. १९५९ सालची पहिली 'स्की-डू' गाडी दीडशे किलोच्या आसपास होती. माणूस बसला की सव्वादोनशे. पण ते वजन रबरी पट्टा आणि पुढच्या दोन स्की मिळून त्याच्या दहा-बारापट जागेवर पसरतं. त्यामुळे हिमावर पडणारा दाब आपल्या पावलाच्या जेमतेम पाव हिस्सा. तत्त्व एवढंच. ते यंत्रात उतरवायला मात्र अनेकांची आयुष्यं गेली.

रशियाच्या झारच्या गॅरेजमध्ये नोकरीला असलेल्या आदोल्फ केग्रेस या फ्रेंच माणसाने पहिल्या महायुद्धाच्या आधीच मोटारीची मागची चाकं काढून तिथे रबरी पट्टे बसवले होते, झारला हिवाळ्यात फिरता यावं म्हणून. न्यू हॅम्पशरमध्ये व्हर्जिल व्हाइट नावाच्या गृहस्थाने फोर्डच्या 'मॉडेल टी'ला स्की आणि पट्टे जोडण्याचा संच तयार करून विकला, आणि 'स्नोमोबील' हे नावही त्याचंच. विस्कॉन्सिनमध्ये १९२४ साली कार्ल एलियासन याने लांबट लाकडी घसरगाडीवर बोटीचं छोटं इंजिन बसवलं. त्याच्या पायात दोष होता, मित्रांबरोबर स्कीवरून शिकारीला जाताना तो मागे पडायचा, असं सांगतात. म्हणजे बघा, झारची हौस आणि एका लंगडणाऱ्या माणसाची गरज, दोघेही एकाच यंत्राकडे निघालेले.

पण ज्याची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली तो कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातला, वालकूर गावचा. जोसेफ-आर्माँ बोम्बार्डिये. नाव ओळखीचं वाटलं ना? विमानं बनवणारी आणि २०२१ पर्यंत रेल्वेचे डबेही बनवणारी कंपनी ती हीच. दिल्ली मेट्रोने प्रवास केला असेल तर त्या नावाच्या डब्यात तुम्ही बसलाही असाल.

१९२२ सालच्या शेवटच्या दिवशी, पंधरा वर्षांच्या आर्माँने एक उपद्व्याप गावासमोर आणला. दोन घसरगाड्या, त्यावर मॉडेल टीचं जुनं इंजिन, आणि मागे विमानासारखा लाकडी पंखा, उघडाच, गरगर फिरणारा. भाऊ पुढे बसून दिशा देतोय, आर्माँ मागे इंजिन सांभाळतोय. ते धूड गावातून खरोखर चाललं! वडिलांनी ते पाहिलं आणि ताबडतोब मोडायला लावलं. वडिलांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तो पंखा कुणाचाही हात नेऊ शकला असता.

एकोणिसाव्या वर्षी त्याने गावात गॅरेज टाकलं. उन्हाळ्यात मोटारी दुरुस्त करायच्या, हिवाळ्यात प्रयोग. हिवाळ्यात दुसरं काम नसायचंच, कारण तेव्हा क्वेबेकच्या खेड्यांतले रस्ते हिवाळ्यात साफच केले जात नसत. मोटारी ठोकळ्यांवर चढवून ठेवायच्या आणि वसंतापर्यंत घोडा हाकायचा. चार-पाच महिने.

१९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. अपेंडिक्स फुटून पोटात विष पसरलं होतं. शस्त्रक्रिया करणारं रुग्णालय शेरब्रुकला, पन्नासेक किलोमीटरवर. रस्ता हिमाखाली. ज्या माणसाच्या गॅरेजमध्ये अर्धवट जोडलेली हिमगाडी उभी होती, त्याच्याकडे त्या दिवशी चालेल असं एकही यंत्र नव्हतं. मूल गेलं.

भरपावसात रस्ता तुटलेल्या एखाद्या पाड्यावरून आजारी माणसाला झोळीत घालून पाच-सात किलोमीटर चालत नेल्याची बातमी आपल्याकडे दर वर्षी येते. आपण ती वाचतो आणि स्क्रोल करतो. वालकूरची गोष्ट वाचताना मला आधी तीच झोळी दिसली. हिम काय आणि चिखल काय.

पुढच्या दोन-तीन वर्षांत बोम्बार्डियेने ज्या एका भागावर डोकं आपटलं होतं तो भाग सुटला. धातूचे पट्टे जड होते, त्यात हिम अडकून गोठायचं. त्याने रबराचा मुलामा दिलेलं दातेरी चाक आणि रबरी पट्ट्यांवर पोलादी आडव्या कांबी बसवलेला माग, अशी जोडी तयार केली. हलकी, आणि फिरता फिरता हिम झटकून टाकणारी. १९३७ साली पेटंट मिळालं. सात माणसांची 'बी-७' आली, मग बारा माणसांची 'बी-१२': प्लायवूडची गोल पाठीची बंद गाडी, बाजूला जहाजासारख्या गोल खिडक्या, पुढे स्की, मागे पट्टे. आज फोटो पाहिला तर तुम्हाला ती कार्टूनमधली वाटेल. पण हिच्यातून डॉक्टर गेले, टपाल गेलं, शाळेची मुलं गेली, अंत्ययात्राही गेल्या. युद्धाच्या काळात सामान रेशनवर होतं, तेव्हा आपल्याला ही गाडी अत्यावश्यक कामासाठी हवी आहे हे गिऱ्हाइकाला सिद्ध करावं लागे.

आणि मग १९४८ च्या सुमारास क्वेबेक सरकारने ठरवलं की खेड्यातले रस्तेही हिवाळ्यात नांगरायचे. झालं. रस्ता मोकळा मिळाला की बारा माणसांच्या हिमगाडीला कोण विचारतो? बोम्बार्डियेचा धंदा कोसळला. मला इतिहासातल्या अशा जागा फार आवडतात. रस्ता नाही म्हणून जन्मलेलं यंत्र रस्ता आल्यावर मेलं, आणि खरं तर ते मरायलाच हवं होतं. गावाला हवा होता रस्ता; गाडी ही त्याची तात्पुरती बदली होती.

मग ही तुमच्या अल्बममधली स्कूटर कुठून आली? धंदा वाचवायला बोम्बार्डियेने आधी दलदलीत, जंगलात चालणारे ट्रॅक्टर काढले. जोडीला एक जुनं स्वप्न होतंच: एका-दोघांची, कुत्र्यांच्या गाडीइतकी छोटी हिमगाडी. पन्नासच्या दशकात हलकी आणि भरवशाची छोटी इंजिनं मिळायला लागली. त्याच्या मोठ्या मुलाने सलग, बिनजोडाचा रबरी पट्टा तयार करायची रीत काढली. १९५९ मध्ये गाडी आली. उत्तरेकडच्या प्रवासात कुत्र्यांची जागा घेणार म्हणून नाव 'स्की-डॉग' ठरलं होतं. छापताना चूक झाली आणि ते 'स्की-डू' झालं, अशी आख्यायिका आहे. अगदी सुरुवातीची एक गाडी त्याने उत्तर ऑन्टॅरिओतल्या आदिवासी वस्तीत काम करणाऱ्या आपल्या एका मिशनरी मित्राला दिली. त्याच्या मनातलं गिऱ्हाईक हेच होतं: मिशनरी, सापळे लावून फर गोळा करणारे, खाणी शोधणारे, डॉक्टर.

पहिल्या हंगामात सव्वादोनशे गाड्या बनल्या. पण विकत घ्यायला आले ते भलतेच लोक. शनिवार-रविवारचे. ज्यांच्या घरापर्यंत रस्ता नीट नांगरलेला होता, असे. गावकुसाबाहेरचं शेत, गोठलेलं तळं, जंगलातली लाकूडतोड्यांची वाट, जिथे हिवाळ्यात कुणी फिरकत नव्हतं तिथे आता जाता येत होतं, केवळ जायचं म्हणून. बोम्बार्डिये १९६४ साली कर्करोगाने वारला, छप्पन्नाव्या वर्षी. आपल्या गाडीचा खेळ झालेला त्याने जेमतेम पाहिला.

इकडे मिनेसोटाच्या अगदी उत्तर टोकाला, रोझो नावाच्या गावात, शेतीची अवजारं बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात जवळपास हेच चाललं होतं. मालकांपैकी एडगर हेट्टीन दौऱ्यावर असताना भागीदार आणि कामगारांनी मिळून एक गाडी जोडली. पट्टा धान्य चढवायच्या यंत्राचा, स्की शेवरोले मोटारीच्या बंपरच्या. हेट्टीन परत आला तो वैतागलाच, वेळ आणि पैसा फुकट घालवला म्हणून. गाडी विकली गेली तेव्हा मत जरा बदललं. १९६० च्या मार्चमध्ये तोच हेट्टीन अलास्कात हजार मैलांहून जास्त अंतर या गाड्यांवरून गेला, लोकांना पटावं म्हणून. परत आल्यावर स्वतःच्याच कंपनीत खटके उडाले, तो बाहेर पडला आणि दुसरी कंपनी काढली. पहिली 'पोलारिस', दुसरी 'आर्क्टिक कॅट'. शेजारशेजारच्या दोन गावांतलं हे वैर तिथल्या लोकांच्या तोंडून ऐकण्यासारखं आहे. मोहन बागान-ईस्ट बंगाल म्हणा हवं तर.

१९६८ च्या एप्रिलमध्ये राल्फ प्लेस्टेड हा मिनेसोटातला विमा विकणारा माणूस मित्रांसह स्की-डूवरून उत्तर ध्रुवावर पोचला. पीरीच्या १९०९ च्या दाव्यावर वाद आहेत, त्यामुळे बर्फावरून ध्रुवावर पोचल्याचा पहिला निर्विवाद मान या विमा एजंटकडे जातो! सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेत शंभरावर कंपन्या या गाड्या बनवत होत्या आणि वर्षाला जवळजवळ पाच लाख विकल्या जात होत्या. मग तेलाचं संकट आलं, काही हिवाळे कोरडे गेले, आणि त्यातल्या बहुतेक कंपन्या मोडीत निघाल्या.

इथपर्यंतचा इतिहास तुम्हाला कुठल्याही संग्रहालयात मिळेल. आता जे सांगायचंय ते तिथे कोपऱ्यात असतं, असलं तर.

पीएच.डी. संपवून मी फिनलंडला पोस्टडॉकसाठी आले, आणि या गाडीची दुसरी बाजू तेव्हा नीट वाचली. फिनलंडच्या ईशान्य टोकाला सेवेत्तियार्वी नावाचं गाव आहे. तिथे स्कोल्ट सामी लोक राहतात. मुळात त्यांची भूमी पूर्वेला, पेत्सामोच्या भागात. १९४४ साली तो भाग सोव्हिएत संघाकडे गेला, हे लोक विस्थापित झाले, बहुतेक रेनडिअर मागे राहिले, आणि १९४९ मध्ये त्यांना सेवेत्तियार्वीत वसवलं गेलं. तिथे त्यांनी कळप पुन्हा उभे केले, जवळपास शून्यातून. रेनडिअरचं मांस, कातडी, ओढायला रेनडिअरच, सोबतीला कुत्रा आणि स्की. रेनडिअर हिवाळ्यात हिम उकरून दगडफूल खातात. हो, गोडा मसाल्यात घालतो त्याच जातकुळीचं. म्हणजे वाहतुकीचं इंधन पायाखालीच उगवत होतं, फुकट.

पर्टी पेल्टो हे मानववंशशास्त्रज्ञ १९५८-५९ मध्ये या गावात राहून अभ्यास करत होते. ते गेले आणि दोन-तीन वर्षांतच पहिली स्नोमोबील त्या भागात आली. पेल्टो परत आले तेव्हा त्यांच्यासमोर जे होतं ते संशोधकाला सहसा मिळत नाही: एकाच गावाचं 'आधी' आणि 'नंतर'. १९७३ साली त्यांचं 'द स्नोमोबील रेव्होल्यूशन' हे पुस्तक आलं.

काय बदललं? दुकानात जाऊन यायला रेनडिअरच्या गाडीने तीन दिवस लागायचे, ते काम पाच तासांवर आलं. काही वर्षांतच कळप हाकायलाही गाडीच वापरात आली. आधी गुराखी स्कीवरून कळपाबरोबर असायचा. जनावर माणसाला ओळखायचं, माणूस जनावराला. आता कळप मोकळा सोडायचा आणि वेळ आली की गाड्या घेऊन त्यामागे लागायचं. आवाज आणि धुराने रेनडिअर बिथरायला लागले, रानटी व्हायला लागले, पाडसं कमी जन्माला यायला लागली. दर घरामागे सरासरी ५२ रेनडिअर होते ते दहाएक वर्षांत १२ वर आले. गाडी घ्यायला रोख पैसा हवा, पेट्रोलला रोख पैसा हवा, पट्टा तुटला तर पुन्हा रोख पैसा. ज्यांच्याकडे तो आधी आला त्यांचे कळप वाढले. साधारण दोन-तृतीयांश घरं रेनडिअर पाळण्यातून बाहेर पडली. जिथे सगळे कमीजास्त सारखे होते तिथे एका दशकात मोठे आणि मोडलेले असे दोन गट झाले.

पेल्टो यांनी यासाठी एक संकल्पना मांडली, तिला मी मराठीत 'ऊर्जेचं गाव सुटणं' म्हणेन. दगडफूल तिथलं होतं. पेट्रोल तिथलं नाही. त्याचा भाव कुठे ठरतो, ते का महागलं, पुढच्या महिन्यात येईल का, यातलं काहीच गावाच्या हातात नाही.

तुमच्यापैकी कुणी एमबीए करत असेल तर ही गोष्ट तुम्ही कदाचित वाचली असेल. 'अर्ली अडॉप्टर' हा शब्द ज्यांच्यामुळे रूढ झाला त्या एव्हरेट रॉजर्स यांच्या 'डिफ्युजन ऑफ इनोव्हेशन्स'मध्ये ती आहे, नव्या वस्तूचे परिणाम आधी तपासत नाहीत त्याचा इशारा म्हणून. (तिथे 'लॅप' हा शब्द येतो, तो आता अपमानास्पद मानतात, तुम्ही वापरू नका.)

मला त्या सांगण्यात एक गोष्ट खटकते. वर्गात ती 'भोळे लोक यंत्राला भुलले' अशी ऐकू येते. पण क्षणभर सेवेत्तियार्वीतल्या एखाद्या आईच्या जागी उभं राहा. तिथपर्यंत तेव्हा मोटाररस्ता नव्हता. मूल तापाने फणफणलंय आणि वाट तीन दिवसांची आहे. कुणी म्हणालं, हीच वाट पाच तासांत होईल, फक्त तुझे रेनडिअर जरा बिथरतील. तर ती काय निवडेल? वालकूरच्या बापाने काय निवडलं असतं? क्वेबेकच्या खेड्यांना दहा-बारा वर्षं गाडी मिळाली आणि नंतर रस्ता मिळाला. स्कोल्टांना आधी गाडी मिळाली, तीही स्वतःच्या खिशातून. सरकारने नांगरलेल्या रस्त्याचा खर्च सगळ्यांवर वाटला जातो; गाडीचा खर्च एकेका घरावर पडतो आणि ज्याला झेपत नाही तो बाहेर फेकला जातो. दोष शोधायचाच तर मी तो इथे शोधीन, इंजिनात नाही.

याहून कडू प्रकरण कॅनडाच्या उत्तरेचं. तिथल्या इनुइट लोकांची हजारो गाडीकुत्री पन्नास-साठच्या दशकांत मारली गेली, बरीचशी पोलिस आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या हातून. मोकळी फिरणारी कुत्री धोकादायक, असं कारण दिलं जायचं. कुत्री नसलेला शिकारी वस्तीला बांधला गेला आणि स्नोमोबील ही आवड न राहता एकमेव पर्याय झाली. क्वेबेक सरकारने २०११ मध्ये याबद्दलची आपली जबाबदारी मान्य करून भरपाई दिली. कॅनडाच्या केंद्र सरकारने किकिक्तानी भागातल्या इनुइटांची माफी मागायला २०१९ उजाडलं. 'स्की-डॉग' हे नाव आठवून पाहा. कुत्र्यांची जागा घेणारी गाडी, असं ते कौतुकाने ठेवलं होतं.

पेल्टो यांच्याबद्दल एक आपल्याकडचा धागा. नंतरच्या काळात ते भारतात आरोग्याच्या प्रश्नांवर काम करायला लागले. 'सेक्शुआलिटी इन द टाइम ऑफ एड्स' या २००४ च्या भारतीय संशोधनावरच्या पुस्तकाच्या संपादकांत रवी वर्मा यांच्याबरोबर त्यांचं नाव आहे. त्यात बर्फ कुठेच नाही, पण बाहेरून आलेली वस्तू किंवा सल्ला लोकांच्या रोजच्या जगण्यात शिरतो तेव्हा नेमकं काय होतं, हे घराघरात जाऊन विचारायची पद्धत तीच.

आणि खेळ? तो जोरात आहे. खोल, भुसभुशीत हिमासाठी आता वेगळ्याच गाड्या निघतात: चार मीटरच्या आसपास लांबीचा पट्टा, त्यावर तीन-तीन इंच उंच वल्ह्यांसारखे रबरी दात, दीडशेच्या वर अश्वशक्ती. पहिल्या स्की-डूला सात होती. त्यामुळे पूर्वी जिथे कुणी जाऊच शकत नव्हतं अशा डोंगरउतारांवर लोक जातात, आणि दर हिवाळ्यात हिमकडे कोसळून मरणाऱ्यांत त्यांचा वाटा मोठा असतो. येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात एके काळी एवढ्या गाड्या यायच्या की प्रवेशद्वारावरच्या कर्मचाऱ्यांना धुरामुळे मुखवटे घालावे लागत; नंतर संख्येवर आणि इंजिनांवर कडक मर्यादा आल्या. दुसरीकडे एकट्या मिनेसोटात पस्तीस हजार किलोमीटरच्या आसपास ट्रेल आहेत आणि त्यांची बरीचशी देखभाल गावोगावचे क्लब करतात. हिमावरून रोलर फिरवणं, पडलेली झाडं काढणं, फलक लावणं, हे सगळं निवृत्त काका आणि त्यांचे मित्र शनिवारी करतात. ती माणसं हौशी म्हणून हिणवायची नाहीत. मी त्यांच्या हातचं सूप प्यायलेय.

त्यांची काळजी वेगळीच आहे. मिनेसोटातल्या तळ्यांवर पन्नास वर्षांपूर्वीपेक्षा सरासरी दहा-चौदा दिवस कमी बर्फ राहतो. २०२३-२४ चा हिवाळा तिथला नोंदीतला सर्वांत उबदार हिवाळा ठरला. बऱ्याच ट्रेलवर हंगाम धड सुरूच झाला नाही. यामाहाने १९६८ पासून चालवलेला स्नोमोबीलचा धंदा २०२५ च्या मॉडेलनंतर बंद करायचं जाहीर केलं. खेळणाऱ्याचा हंगाम गेला तर वाईट वाटतं. उत्तरेकडे ज्यांची वाटच गोठलेलं तळं आणि समुद्र आहे, त्यांचं काय जातं हे आता तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुम्ही स्वतः कधी गेलात तर तिथला वनविभाग स्नोमोबीलसाठी पाच ते सात इंच ताजा, स्वच्छ बर्फ लागतो म्हणतो. पांढरट असेल तर दुप्पट धरा. आणि थांबू नका.

तर ती माझी गाडी. काका लांबून मोठा वळसा घेऊन किनाऱ्याला गेले, गाडी तिथे लावली आणि फावडं घेऊन चालत आले. रागावले नाहीत. आम्ही दोघांनी मागची बाजू उचलून एका अंगाला ओढली, खाली झाडाच्या फांद्या घातल्या, आणि पुढे पन्नासेक पावलांची पट्टी पायाने तुडवून दाबली. मी म्हटलं, आता काढू या. ते म्हणाले, आता घरी जायचं. वरची दुलई आपण काढली आहे, बाकीचं काम रात्र करेल.

सकाळी आलो तर रात्रीचा लगदा सिमेंटसारखा टणक झाला होता, आमच्या बुटांच्या ठशांसकट. पट्ट्यातला बर्फ हातोडीने फोडायला तासभर लागला. मग काकांनी मला मागे व्हायला सांगितलं, दोरी ओढून इंजिन सुरू केलं, त्या पट्टीवरून गाडी नेली आणि किनारा येईपर्यंत मागे वळूनही पाहिलं नाही.